उंड्री-पिसोळीच्या कडेला कॅमेरा घेऊन उभं राहताना

तुम्ही लिहिलंय की पुण्याच्या कडेच्या उंड्रीत राहायला आल्यापासून सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन पिसोळी, हांडेवाडी, होळकरवाडीपर्यंत हिंडता. अर्धवट इमारती, मोकळे प्लॉट, पत्र्याची शेड, टँकर यांचे फोटो काढता. पण घरी येऊन बघितलं की ते कुठल्याही शहराच्या कुठल्याही टोकाचे वाटतात. मग लेन्स बदलायची, वेळ बदलायची की जागा? आणि हे सगळं कृष्णधवल करावं का?

आधी उभं राहायची जागा बदला. लेन्स आणि वेळेचं त्यानंतर बघू.

पुण्याच्या कडेला नवी वस्ती येते ती कोऱ्या जमिनीवर येत नाही. तिथं आधी रान होतं, रानाला बांध होता, बांधावर बाभूळ किंवा लिंब होता, दोन रानांमधून गाडीवाट जायची आणि उताराच्या तळाला ओढा होता. जमीन विकली जाते ती गट नंबरानं, आणि गटाची हद्द बहुतेक वेळा जुन्या बांधावरूनच जाते. म्हणून रस्ता सरळ जाता जाता विनाकारण काटकोनात वळतो आणि पन्नास पावलांवर पुन्हा वळतो. सोसायटीची कंपाउंड वॉल रस्त्याला समांतर नसते. एखादी बारा मजली इमारत विचित्र लांबट आणि अरुंद असते, कारण भावाभावांच्या वाटणीत त्या रानाच्या उभ्या पट्ट्या पडल्या आणि बिल्डरला त्यातली एकच पट्टी मिळाली. दोन टॉवरच्या मधे ज्वारीचा एक तुकडा अजून उभा असतो, कारण त्या मालकानं विकलं नाही किंवा तिथं वारसांचा निकाल लागायचा आहे.

हे सगळं डोळ्यांना दिसतं आणि फोटोत मावतं. तुमचे फोटो ‘कुठलेही’ वाटतात, कारण तुम्ही बहुधा वस्तूसमोर उभ्या राहता. इमारतीसमोर, टँकरसमोर, होर्डिंगसमोर. टँकर सगळीकडे सारखाच असतो. त्याऐवजी बांधावर उभ्या राहा, म्हणजे एका बाजूचं रान आणि दुसऱ्या बाजूचं प्लॉटिंग एकाच चौकटीत येईल आणि दोन्हींची जमीन एकच आहे हे बघणाऱ्याला कळेल. मी कडेच्या गावांत काम करते ते अजूनही याच पद्धतीनं: पहिल्यांदा बांध शोधायचा, मग कॅमेरा काढायचा.

बांध शोधायला दोन गोष्टी उपयोगी पडतात. गूगल अर्थच्या संगणकावरच्या आवृत्तीत जुनी उपग्रहचित्रं मागं सरकवत बघता येतात. तुमच्या सोसायटीच्या जागी काय होतं, वाट कुठून जायची, विहीर कुठं होती, ते घरबसल्या कळतं. दुसरं म्हणजे भूमी अभिलेख विभागाच्या संकेतस्थळावर गावनकाशे आहेत, त्यांत गटांच्या हद्दी दिसतात. हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की आजचा कोणता रस्ता जुन्या गाडीवाटेवर आहे आणि कोणता नव्यानं आखलेला, हे लगेच उमगतं. जिथं नवी रेघ जुन्या रेघेला छेदते तिथं जा. विकास आराखड्यातले रस्ते याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहेत. ज्याला आपण डीपी रस्ता म्हणतो तो रुंद, दुभाजकासकट, दिव्यांच्या खांबांसकट येतो आणि एका पत्र्याच्या कुंपणापाशी किंवा उसाच्या फडापाशी थांबतो, कारण पुढची जागा ताब्यात आलेली नसते. त्या टोकाला लोक गाड्या लावतात, संध्याकाळी चालायला येतात, भाजीवाला टेम्पो उभा करतो. अशा टोकांवर खूप काही एकाच वेळी दिसतं आणि ती टोकं फार दिवस तशी राहत नाहीत.

याच दृष्टीनं पुण्याच्या वेगवेगळ्या कडा वेगळ्या दिसायला लागतात. मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनी जमिनी एकत्र करून स्वतःच नगर वसवलं. पुढं नांदेड सिटीतही जमिनी एकत्र झाल्या. तिथं बांध मिटले, रस्ते नव्यानं आखले गेले. तिथला फोटो काढताना जुनी रेघ सापडणार नाही, आणि ती नसणं हाच तिथला विषय आहे. उलट धायरी, नऱ्हे, आंबेगावच्या बाजूला गुंठ्यागुंठ्यानं जमीन विकली गेली. चाळीस गुंठ्यांचा एकर, एका गुंठ्यात 1089 चौरस फूट. एवढ्यावर माणूस जेवढं उंच जाता येईल तेवढं जातो आणि गल्ली उरते ती बांधाच्या रुंदीची. तिथं मागं सरकायला जागाच नसते, त्यामुळे फोटो उभा काढावा लागतो. वाघोलीकडे दगडखाणी आहेत. खाणीच्या खड्ड्यात पाणी साठलेलं आणि काठावर सोसायटी, असं दृश्य तिथं मिळतं. मांजरी, फुरसुंगी, लोणी हा कालव्याचा पट्टा. कालवा उतारानं वाहतो, म्हणून त्याच्या खालच्या अंगाला बागायत आणि वरच्या अंगाला जिरायत. कालव्याच्या भरावावर उभं राहिलात तर हा फरक अजूनही एका मान वळवण्यात दिसतो, फक्त उसाच्या जागी आता बऱ्याच ठिकाणी इमारती आहेत.

तुमच्या भागापुरतं सांगायचं तर उंड्री 2017 साली महापालिकेत आली. पिसोळी, होळकरवाडी, औताडे-हांडेवाडी 2021 साली, वाघोली-सूस-म्हाळुंगे यांच्यासारख्या 23 गावांबरोबर. म्हणजे चार वर्षं उंड्री शहरात होती आणि शेजारची पिसोळी ग्रामपंचायतीत. फुरसुंगी आणि उरुळी देवाची 2017 साली आत घेतली आणि नंतर वेगळ्या नगरपरिषदेसाठी पुन्हा बाहेर काढली. या हद्दी कागदावरच्या असल्या तरी त्यांच्या खुणा जमिनीवर राहतात. दिव्याचे खांब, गटारावरची झाकणं, कचऱ्याच्या गाडीवरचं नाव, पुसट झालेली ग्रामपंचायतीची पाटी, गावाची स्वागत कमान. कमानी तर नीट बघाच. कमानीवर गावाचं नाव, देवाचं नाव आणि देणगीदाराचं नाव असतं आणि तिच्याआडून वीस मजल्यांचा सांगाडा डोकावत असतो. पण हा फोटो कमानीच्या बरोबर मधे उभं राहून काढू नका, तसा तो सगळेच काढतात. बाजूला सरका, कमान कोणत्या जमिनीत रोवली आहे ते दिसू द्या.

आता ऋतूंचं. पुण्यात मे महिन्याच्या मध्याला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि खांबाची सावली नाहीशी होते. तेव्हा भिंती सपाट दिसतात, जमीन पांढरी पडते आणि चित्राला खोली राहत नाही. डिसेंबरात तोच सूर्य भर दुपारी क्षितिजापासून 48 अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या भिंतींवर दिवसभर तिरपं ऊन मिळतं. पण जमीन वाचायची असेल तर मार्च-एप्रिल उत्तम. गवत वाळून खाली बसलेलं असतं, बांधाचा उंचवटा, नांगरटीच्या ओळी, जुन्या पायवाटा सगळं उघडं पडतं. सूर्योदयानंतरच्या तासाभरात ऊन जमिनीला घासून जातं तेव्हा वीतभर उंचीचा बांधसुद्धा सावली टाकतो. त्या वेळचा सोनेरी रंग मात्र मी राहू देत नाही. रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न झालेली कच्ची फाइल) काढते आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, थंडाकडे (निळसर बाजूला) नेते, कारण सोनेरी उजेडात प्रत्येक जागा सारखीच सुंदर दिसायला लागते आणि तुमची अडचण तीच आहे.

पावसाळ्यात वेगळं काम करता येतं. ढगाळ आभाळाखाली सावल्या नसतात, प्रत्येक पृष्ठभाग सारख्या उजेडात दिसतो. जर्मनीतले बेर्न्ड आणि हिला बेखर हे दांपत्य पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींवरचे मनोरे यांचे फोटो मुद्दाम अशाच उजेडात काढायचं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर तो उजेड आपोआप मिळतो. शिवाय पाणी जुनी जमीन दाखवून देतं. ओढा बुजवला असला तरी पाऊस त्याच वाटेनं येतो, आणि मग नव्या रस्त्यावर तळं कुठं साठतं ते बघितलं की ओढा कुठं होता ते कळतं. मोकळ्या प्लॉटवर गाजर गवत छातीइतकं वाढतं. या गवताची भारतातली पहिली नोंद 1950च्या दशकात पुण्यातच झाली. राडारोडा टाकलेल्या जमिनीवर ते आधी येतं, म्हणून कुठली जमीन उकरलेली आहे याची ती जिवंत खूण आहे. त्याला हात लावू नका, अंगावर पुरळ उठतं.

लेन्सबद्दल माझं मत ठाम आहे. तुमच्याकडे 24 मिलिमीटरची वाइड लेन्स असेल तर ती पिशवीत राहू द्या. वाइड लेन्स पुढचं मोठं आणि मागचं चिमुकलं करते, आणि पुणं ओळखू येतं ते मागच्या डोंगरानं. उंड्रीतून दक्षिणेकडे कानिफनाथाच्या बाजूची रांग बघा. माथा सपाट, अंगाला पायऱ्या पडलेल्या. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झालेला हा आकार आपल्या मुलखाची ओळख आहे. 50 किंवा 70ला तो डोंगर इमारतीच्या मागं त्याच्या खऱ्या वजनानं उभा राहतो आणि फोटो एकदम या गावाचा होतो. मागं सरकायला जागा हवी, ती शोधावी लागते, तेवढाच त्रास. मोबाइल असेल तर मुख्य लेन्सच वापरा, 0.5ची वाइड नको, आणि ग्रिड चालू ठेवा.

कॅमेरा पातळीत धरा. इमारत वर मावत नाही म्हणून कॅमेरा वर वळवला की उभ्या रेघा आत झुकतात आणि बघणाऱ्याचं लक्ष तुमच्या कॅमेऱ्याकडे जातं. त्यापेक्षा इमारत वर कापली गेली तरी चालेल, खाली जमीन जास्त येऊ द्या, जमीनच तर विषय आहे. ट्रायपॉड, एफ/8 ते एफ/11 (म्हणजे लेन्सचं छिद्र लहान), कमी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता). हिवाळ्यात धुरकट हवेत आभाळ पांढरं येतं, ते निळं करायच्या मागं लागू नका. एक घडीची तीन पायऱ्यांची शिडी घेतलीत तर मात्र खरा फरक पडेल. साइटभोवतीचे पत्रे साधारण डोक्याच्या वरपर्यंत असतात आणि दोन फूट उंचीवरून त्यांच्या पलीकडचा खड्डा दिसतो. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण, असा जमिनीचा छेद पाया खणताना काही आठवडेच उघडा असतो.

उंचीवरून काढायचं असेल तर आपल्याभोवती डोंगर आहेतच. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात 1975 साली माणसानं बदललेल्या भूदृश्यांचं एक प्रदर्शन झालं होतं, दहा छायाचित्रकारांचं. या विषयावर काम करणारा प्रत्येकजण आजही तिथपर्यंत मागं जातो. त्यातल्या जो डील यांनी अल्बुकर्कीची नवी घरं उंचावरून, क्षितिज पूर्ण बाहेर ठेवून काढली. आभाळ नाही, फक्त जमीन आणि तिच्यावरची घरं. बोपदेव घाट, दिवे घाट, कात्रजचा जुना घाट, सूसची टेकडी इथून हे करून बघण्यासारखं आहे. पण क्षितिज गेलं की मागचा डोंगरही चौकटीबाहेर जातो, म्हणून मी दोन्ही फोटो काढते, एक क्षितिजासकट आणि एक त्याच्याशिवाय. घाटात पहाटे किंवा अंधार पडताना एकटीनं जाऊ नका, सोबत न्या. ड्रोनचा मोह होईल. लोहगावला हवाई दलाचा तळ, खडकवासल्याला एनडीए ही लष्करी प्रबोधिनी, त्यामुळे पुण्याच्या आसपास डिजिटल स्काय हा ड्रोनसाठीचा सरकारी नकाशा बघितल्याशिवाय उडवणं बेकायदा ठरू शकतं. पण परवानगी असली तरी मी सरळ खाली बघणारा ड्रोन टाळते. वरून उतार दिसत नाही, आणि उतार गेला की पाणी कुठून कुठं जातं ते कळत नाही.

कृष्णधवलबद्दल: नको. त्या 1975च्या प्रदर्शनात दहांपैकी नऊ जणांचं काम कृष्णधवल होतं, स्टीफन शोर यांचंच रंगीत. आपल्या कडेची माहिती रंगात आहे. साइटचे निळे पत्रे, लालसर मुरूम, हिरवं शेडनेट, होर्डिंगवरची न लावलेली झाडं, बिस्किटी रंगाची सोसायटी आणि तिच्याशेजारी गावातलं गुलाबी-पोपटी घर. हे राखाडी केलं की फोटो जुना आणि दूरचा वाटतो. तो आजचा आहे हे त्यातून जायला नको.

त्याच प्रदर्शनातले रॉबर्ट अ‍ॅडम्स कोलोरॅडोत डेन्व्हरच्या आसपासची साधी, एकसारखी घरं काढत होते. त्यांच्या फोटोंत त्या घरांवर पडलेलं ऊन इतक्या आस्थेनं टिपलेलं आहे की राहणाऱ्यांचा अपमान कुठंही होत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शहराच्या कडेचे फोटो काढताना कुरूपता गोळा करायची सवय लागते. कचरा, तुटका पाइप, बिनखिडक्यांची भिंत. या घरांसाठी लोकांनी वीस-वीस वर्षांची कर्जं काढली आहेत. पाण्याला टँकर मागवावा लागतो तरी बाल्कनीत तुळस आहे. जमीन विकणाऱ्यानं त्याच पैशांतून मुलीचं शिक्षण केलं आणि त्याच जमिनीवरच्या सोसायटीला आता तो दूध घालतो. फोटोत दोन्ही बाजू याव्यात. लेबर कॅम्पमधे विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका, आणि लांबून टेलि लेन्सनं तर मुळीच नाही. ती माणसांची घरं आहेत.

ट्रायपॉड लावला की कुणीतरी येऊन विचारणारच, “मॅडम, मोजणीला आलात का?” कडेच्या गावांत तिपाई म्हणजे सरकारी मोजणी किंवा बिल्डरचा सर्व्हे. प्रश्नामागं काळजी असते, कधी हद्दीचा वाद असतो. खरं सांगा: इथंच उंड्रीत राहते, गाव बदलतंय त्याचे फोटो काढतेय. पिशवीत चार-पाच छापील फोटो ठेवा आणि दाखवा. मोबाइलवर नाही, हातात कागद द्या. बहुतेक वेळा पुढची वीस मिनिटं तुम्हाला आयुष्यभर नकाशावर न सापडणारी माहिती मिळते. वॉचमनशी भांडू नका. सार्वजनिक रस्त्यावर उभं राहायचा तुम्हाला हक्क आहे, पण त्यालाही वर उत्तर द्यायचं असतं. नाव सांगा, पाच मिनिटांत आवरा. लष्करी हद्दीच्या पाट्या दिसल्या तर मात्र कॅमेरा बंद.

या कामाला वजन येतं ते परत गेल्यानं. एकच जागा, तीच लेन्स, तोच ऋतू, दरवर्षी. परत त्याच बिंदूवर उभं राहायला जीपीएस पुरत नाही, तो काही मीटर चुकतो. पहिला फोटो काढताना चौकटीत जवळची एक आणि लांबची एक अशी वस्तू धरून ठेवा, उदाहरणार्थ हद्दीचा दगड आणि मागच्या टाकीची डावी कड. पुढच्या वर्षी छापील प्रत हातात घेऊन डावी-उजवीकडे सरका. दोन्हींचा मेळ तसाच जुळला की दिशा जुळली. मग पुढं-मागं होऊन आकार जुळवा. एक खूण नाहीशी होणार हे गृहीत धरा आणि तीन-चार खुणा ठेवा: विजेच्या खांबावर रंगवलेला क्रमांक, मोठा लिंब, देवळाचा कळस, डोंगराची खाच. देऊळ आणि डोंगर सगळ्यात जास्त टिकतात.

सुरुवात म्हणून घराजवळचा एकच ओढा घ्या. डोंगराकडच्या टोकापासून तो जिथं मोठ्या ओढ्याला मिळतो तिथपर्यंत, एप्रिलमधे एकदा आणि ऑगस्टमधे एकदा. वाटेत तो कुठं उघडा आहे, कुठं पाइपात गेला, कुठं दोन भिंतींच्या मधे आवळला, ते सगळं काढा. वीस-पंचवीस फोटो पुरे आहेत. प्रत्येकाच्या मागं पेन्सिलीनं गाव, गट नंबर, कुठून कुठल्या दिशेला बघितलं आणि तारीख लिहा. मग तो संच घेऊन गावठाणात जा आणि पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना दाखवा. इथल्या प्रत्येक रानाला नाव असतं, चिंचेचा मळा, खालची पट्टी, पांढरीचं रान, असं काहीतरी. ती नावं गट नंबराशेजारी लिहून घ्या, आणि कुणाचं कुणाशी जमत नसेल तर दोघांनी सांगितलेली दोन्ही नावं लिहा.